‘वारसा’ या संज्ञेची चिकित्सा

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकांत ‘इन्हेरिटन्स’ अथवा ‘वारसा’ या संज्ञेचे विवेचन बहुधा एकाच वळणाने केलेले आढळते. प्राणी हा एक वर्ग; कुत्रा आणि मांजर हे त्याचे वारस. प्राण्याचे जे गुणधर्म ते वारसांस आपोआप प्राप्त होतात. वारस त्यांत स्वतःची भर घालतो आणि जरूर पडेल तेथे पूर्वजाची वर्तणूक बदलून घेतो. एवढे सांगून झाले की संकल्पना समजली, असे विद्यार्थी मानतो आणि परीक्षेपुरते ते पुरेसेही ठरते. परंतु याच विद्यार्थ्यावर पुढे एखाद्या मोठ्या प्रणालीचा भार येऊन पडतो, तेव्हा त्याने उभारलेली वर्गांची वंशावळ अल्पावधीतच अशी गुंतते की तिच्या मुळाशी हात लावण्यास कोणी धजत नाही. या अवस्थेचे खापर सामान्यतः प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. वस्तुतः दोषाचा मोठा वाटा संज्ञेच्या प्रचलित स्पष्टीकरणाकडे जातो. ‘वारसा’ हे एक रूपक आहे, आणि त्या रूपकाचा जो अंश पाठ्यपुस्तकांनी उचलला तो कमी महत्त्वाचा होय. वारसाला काय मिळते याचीच चर्चा होते. वारसावर काय येऊन पडते, ही बाजू अनुच्चारित राहते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही दुसरी बाजू पुढे आणण्याचा आहे.

१

या कल्पनेचा उगम पाहू गेल्यास प्रथम ध्यानात येते ते हे की, जन्माच्या वेळी तिचे नाव ‘वारसा’ नव्हते. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्यूटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर यांनी घडविलेल्या सिम्युला ६७ या भाषेत ती अवतरली, आणि तेथे तिला ‘प्रीफिक्स’, म्हणजे उपसर्ग, असे म्हटले जाई. नव्या वर्गाची घोषणा करताना मूळ वर्गाचे नाव तिच्या आधी जोडावयाचे, एवढीच ती लेखनयुक्ती. टोनी होर यांनी १९६५ मध्ये नोंदींच्या वर्गांविषयी आणि उपवर्गांविषयी मांडलेल्या विचारांनी तिला पहिली चालना दिली. पण कल्पना पक्व झाली ती एका व्यावहारिक अडचणीतून. पुलावरील टोलनाका आणि त्यापुढे रांगेत उभी राहणारी वाहने यांची प्रतिकृती संगणकात उभारावयाची होती. वाहने दोन जातींची, ट्रक आणि बस. दोघांचे काही गुणधर्म समान, काही भिन्न. शिवाय प्रत्येक वाहनास रांगेत उभे राहण्याची क्षमता हवी. म्हणजेच आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, हे त्यास ठाऊक असावयास हवे.

या साध्या उदाहरणात दोन निराळ्या गरजा दडलेल्या आहेत. ट्रक हे वाहन आहे, हे विधान ट्रकच्या स्वरूपाविषयीचे आहे. उलट, वाहन हा रांगेतील एक दुवा आहे, हे विधान वाहनाच्या स्वरूपाविषयीचे नसून त्या विशिष्ट प्रतिकृतीतील सोयीविषयीचे आहे. रस्त्यावर एकटे धावणारे वाहन कोणत्याही रांगेचा दुवा नसते. तरीही सिम्युलात दोन्ही गरजा एकाच युक्तीने भागविल्या गेल्या: ‘वाहन’ हा वर्ग ‘ट्रक’च्या आधी लागला, आणि रांगेची यंत्रणा जाणणारा ‘लिंक’ हा वर्ग ‘वाहना’च्या आधी लागला. त्या भाषेसोबत येणाऱ्या सिद्ध वर्गांतही ‘प्रोसेस’ हा वर्ग ‘लिंक’पासूनच साधलेला होता. स्वरूपाचे वर्गीकरण आणि सिद्ध सामग्रीची उचल ही दोन प्रयोजने अशा रीतीने आरंभापासूनच एका चिन्हाखाली नांदू लागली.

‘उपसर्ग’ हे नाव या दृष्टीने अधिक प्रामाणिक होते. मराठीच्या व्याकरणात ‘हार’ या शब्दास निरनिराळे उपसर्ग लागून ‘प्रहार’, ‘आहार’, ‘विहार’, ‘संहार’ असे शब्द सिद्ध होतात. परंतु हे शब्द परस्परांच्या अर्थाशी निष्ठा राखतील, असे वचन व्याकरणाने कोणासही दिलेले नाही. उपसर्ग हा शब्द रचनेची हकीकत सांगतो. नात्याविषयी तो मौन पाळतो. सिम्युलात अर्थातच स्थान उलटे आहे: आधी लागतो तो मूळ भाग, आणि मागून येते ती भर. तथापि नावाची तटस्थता तीच.

‘वारसा’ हे नाव रूढ झाले ते पुढे, विशेषतः स्मॉलटॉकच्या परंपरेत. लक्षणीय गोष्ट अशी की, ॲलन के यांनी झेरॉक्स पार्क येथे कल्पिलेल्या स्मॉलटॉक ७२ मध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती. डॅन इंगल्स यांच्या हातून घडलेल्या स्मॉलटॉक ७६ मध्ये ती आली. सिम्युलाचा संस्कार घेतलेल्या ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस भाषेत ‘पाया’ आणि ‘साधित’ या अर्थाचे शब्द पसंत केले. कारण ज्यात अधिक सामग्री आहे त्याला ‘उप’ म्हणणे वाचकास बुचकळ्यात टाकते, असा त्यांचा अनुभव होता. परंतु कुटुंबाचे रूपक अधिक बोलके असल्याने तेच सर्वत्र पसरले, आणि त्याबरोबर रक्ताच्या नात्याची नैसर्गिकताही या कृत्रिम यंत्रणेस चिकटली.

२

ती यंत्रणा नेमकी काय करते, हे आता पाहणे आवश्यक आहे. एखाद्या ऑब्जेक्टला संदेश पोहोचला म्हणजे त्याला अनुरूप मेथड प्रथम त्याच्या स्वतःच्या वर्गात शोधली जाते. तेथे न सापडल्यास पूर्वजाच्या वर्गात, आणि असेच वर वर. हा शोध प्रत्यक्ष चालविण्याच्या रीती भाषांगणिक भिन्न आहेत, पण फलित हेच. येथपर्यंत पाठ्यपुस्तकांचे वर्णन यथार्थ आहे. परंतु त्यांच्या वर्णनातून एक महत्त्वाची पायरी बहुधा गळते. वर चढून सापडलेली पूर्वजाची मेथड जेव्हा स्वतःच्याच दुसऱ्या एखाद्या मेथडला हाक मारते, तेव्हा ती हाक पूर्वजापाशी थांबत नाही; ज्या ऑब्जेक्टपासून शोध सुरू झाला तेथे ती परत येते आणि तेथून पुन्हा वर शोधीत जाते. म्हणजे पूर्वजाने स्वतःच्या घरातील माणसास उद्देशून मारलेली हाक त्याला कधीही न भेटलेला वारस ऐकतो आणि तोच ओ देतो. वारशाचे सारे सामर्थ्य या परत फिरणाऱ्या हाकेत आहे, आणि त्याचे सारे संकटही तिच्यातच आहे.

अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न येथे उद्भवतो. स्मॉलटॉक आणि तिच्या मागून आलेल्या बहुतेक भाषांचे उत्तर वारसाच्या बाजूचे आहे. वारस पूर्वजाची मेथड सर्वस्वी बदलू शकतो. पूर्वजाचे म्हणणे ऐकावयाचे की नाही, हे ‘सुपर’ या शब्दाने हाक मारून तोच ठरवितो. स्कँडिनेव्हियन परंपरेत मात्र निराळी वाट होती. सिम्युलात वर्गाच्या मुख्य क्रियाभागात ‘इनर’ या शब्दाने पूर्वजच जागा मोकळी सोडतो आणि वारसाची भर तेवढ्याच जागेत बसते. न्यूगॉर, ओले लेरमान मॅडसन आणि सहकाऱ्यांच्या बीटा या भाषेने हेच तत्त्व सर्वत्र लागू केले: वारसाने भर घालावी, पूर्वजाचे म्हणणे पुसू नये. एका व्यवस्थेत सोय अधिक, दुसरीत शिस्त अधिक. जगाने सोय निवडली. ही निवड अटळ नव्हती, एवढे तरी विद्यार्थ्यास ज्ञात असणे इष्ट आहे. अन्यथा प्रचलित रीत हीच वस्तूची प्रकृती, असा त्याचा ग्रह होतो.

पूर्वजाचा नियम बाजूस सारून वारसाचा नियम लागू होणे, या गोष्टीची तुलना पाणिनीय व्याकरणातील उत्सर्ग आणि अपवाद यांच्याशी करण्याचा मोह होतो. सामान्य नियमास विशेष नियम बाधित करतो, हे साम्य खरे आहे. परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. अष्टाध्यायीत उत्सर्ग आणि अपवाद एकाच शास्त्राच्या चौकटीत, परस्परांकडे पाहून रचलेले आहेत. प्रोग्रॅमच्या जगात पूर्वज एकाने लिहिलेला असतो, वारस दुसऱ्याने, कित्येकदा निराळ्या देशात आणि दहा वर्षांनी. एकाच्या मनात नसलेला अपवाद दुसरा त्याच्या नियमावर लादतो.

३

वर्गीकरण आणि उचल यांहून वेगळा असा तिसरा संबंध येथे विचारात घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे वचन. मूळ वर्ग वापरणारा तिसरा पक्ष त्या वर्गाच्या काही वर्तणुकीवर विसंबलेला असतो. त्याच्या हाती मूळ वर्गाच्या ऑब्जेक्टऐवजी वारसाचे ऑब्जेक्ट दिले, तरी त्याचा विश्वासभंग होता कामा नये. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मधील आपल्या व्याख्यानात हा निकष मांडला, आणि १९९४ मध्ये जॅनेट विंग यांच्यासह त्यास काटेकोर रूप दिले. बर्ट्रंड मेयर यांनी आयफेल या भाषेत त्याचीच कराराच्या परिभाषेत मांडणी केली: वारसाने वापरणाऱ्याकडे पूर्वजाहून अधिक मागू नये, आणि पूर्वजाहून कमी देऊ नये.

चौरस आणि आयत यांचे जुने उदाहरण या निकषावर घासून पाहावे. भूमितीत प्रत्येक चौरस हा आयत आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ‘लांबी बदलली असता रुंदी तशीच राहते’ असे वचन आयताच्या वर्गाने दिलेले असेल, तर चौरस ते पाळू शकत नाही. लांबी-रुंदी एकदा ठरल्यावर बदलताच येत नाहीत अशी आयताची रचना असेल, तर हा विरोध उरत नाही आणि चौरस हा निर्वेध वारस ठरतो. यावरून असे दिसते की, ‘अमुक हे अमुक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर वस्तूंच्या स्वरूपात सापडत नाही. ते दिलेल्या वचनात सापडते. प्राणी आणि कुत्रा यांच्या उदाहरणाचे उणेपण नेमके हे आहे: त्यात प्राण्याने कोणालाही काही वचन दिलेलेच नसते.

उचलीच्या हेतूने घेतलेल्या वारशाचे ठळक उदाहरण जावा या भाषेच्या मूळ ग्रंथालयातच आहे. त्यातील ‘स्टॅक’, म्हणजे जी वस्तू शेवटी ठेवली तीच प्रथम उचलावयाची अशी चळत, ही ‘व्हेक्टर’ या क्रमवार संग्रहाची वारस म्हणून लिहिली गेली. संग्रह साठविण्याची यंत्रणा आयती मिळाली. पण तिच्याबरोबर मधल्याच स्थानी वस्तू घुसविण्याची आणि तेथूनच काढण्याची मुभाही आली. चळतीचे चळतपणच त्यामुळे अरक्षित राहिले. १९९६ मधील पहिल्या आवृत्तीत झालेली ही निवड नंतर मागे घेता आली नाही, कारण तोवर असंख्य प्रोग्रॅम तिच्यावर विसंबले होते. आज जावाचे अधिकृत दस्तऐवजच या कामी ‘डेक’ ही दुसरी रचना वापरावी असे सुचवितात. दोष राहिला आणि शेजारी पर्याय उभा करावा लागला.

विल्यम कुक, वॉल्टर हिल आणि पीटर कॅनिंग यांनी १९९० मध्ये सैद्धांतिक पातळीवर हेच दाखविले की, वारसा आणि उपप्रकार हे दोन संबंध एक नव्हेत. आपल्याच जातीच्या ऑब्जेक्टशी तुलना करणारी मेथड ज्यात आहे असा ‘बिंदू’ हा वर्ग घ्यावा. त्याचा वारस ‘रंगीत बिंदू’ तुलनेसाठी समोरच्याचाही रंग मागतो. साध्या बिंदूजवळ तो नाही. मजकुराच्या दृष्टीने वारसा निर्दोष आहे. परंतु साध्या बिंदूच्या जागी रंगीत बिंदू ठेवता येत नाही. उलटपक्षी, कोणताही वारसा नसता दोन वर्ग एकच वचन पाळू शकतात.

या तीन संबंधांपैकी उचल कंपायलर स्वतः करतो. नावांची आणि मूल्यांच्या प्रकारांची जुळणीही तो तपासतो. वचन मात्र पाळले जाते की नाही, याचा निर्णय सर्वसाधारणतः कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. जो संबंध सर्वांत मोलाचा तोच तपासणीबाहेर राहतो. म्हणूनच तो शिकविण्यावाचून गत्यंतर नाही.

४

रूपकाची दुसरी मर्यादा काळाविषयीची आहे. व्यवहारात वारसा म्हटले की पूर्वजाच्या निधनाची कल्पना मनात येते. प्रोग्रॅममधील पूर्वज मात्र हयात असतो आणि बदलत असतो. ॲलन स्नायडर यांनी १९८६ मध्येच निदर्शनास आणले होते की, वर्गाची अंतर्गत रचना बाहेरच्यांपासून झाकण्याचे जे तत्त्व, त्याला वारशाने छेद जातो. कारण वारस हा बाहेरचाही नसतो आणि पुरता घरचाही नसतो.

जॉशुआ ब्लॉक यांच्या २००१ मधील जावाविषयक ग्रंथातील उदाहरण याचा उत्तम नमुना आहे. एका संचात आजवर किती वस्तू घालण्याचे यत्न झाले हे मोजावयाचे आहे. त्यासाठी जावाच्या ‘हॅशसेट’ या वर्गाचा वारस लिहिला जातो. एक वस्तू घालणारी मेथड बदलून तीत मोजणी एकाने वाढविली. अनेक वस्तू एकदम घालणारी मेथड बदलून तीत तितक्या संख्येने वाढविली. आणि पुढचे काम दोन्हींत पूर्वजावर सोपविले. तीन वस्तू एकदम घातल्या असता मोजणी ३ यावयास हवी; ती ६ येते. कारण पूर्वजाची समूह घालणारी मेथड आतून एकेक वस्तू घालणाऱ्या मेथडलाच हाक मारते, आणि ती हाक परत फिरून वारसापाशी येते. वारसाच्या मजकुरात डोळ्यांस दिसेल अशी एकही चूक नाही. पूर्वजानेही दिलेले कोणतेच वचन मोडलेले नाही. आतील व्यवस्था कशी आहे, हे त्याने कधी सांगितलेच नव्हते. उद्या पूर्वजाने ती व्यवस्था बदलली, तर आज दुरुस्त केलेला वारस पुन्हा बिघडेल.

येथे धर्मशास्त्रातील दायविचार आठवणे अप्रस्तुत ठरू नये. जीमूतवाहनाच्या दायभागानुसार पुत्राचे स्वत्व पित्याच्या निधनानंतर निर्माण होते. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार वडिलार्जित मिळकतीत ते जन्मतःच निर्माण होते. या जन्मस्वत्ववादाचा परिणाम असा की, पिता हयात असतो, मिळकत त्याच्या हाती असते, पण ती मनास येईल तशी विल्हेवाटीस लावण्यास तो मोकळा राहत नाही. प्रोग्रॅममधील वारसा दायभागाच्या वळणाचा नसून मिताक्षरेच्या वळणाचा आहे. ज्या वर्गास वारस झाले, त्याच्या कर्त्याचे स्वातंत्र्य त्याच दिवशी आकुंचित होते, आणि बहुधा त्याला त्याची वार्ताही नसते. म्हणूनच ब्लॉक यांचा उपदेश असा की, वर्ग वारशासाठी योजावा आणि तशी त्याची वचने लिहून ठेवावीत, अन्यथा त्यास वारस होऊच देऊ नये. कोटलिन या भाषेत वर्ग मुद्दाम खुला केल्यावाचून त्यास वारस लाभत नाही. जावाच्या २०२१ मधील सतराव्या आवृत्तीपासून पूर्वजास आपले वारस नावानिशी मर्यादित करता येतात.

एकाहून अधिक पूर्वजांचा प्रश्न याच प्रश्नाची वाढ आहे. दोन कुळांचा वारस असलेल्या द्व्यामुष्यायण पुत्राची व्यवस्था लावताना शास्त्रकारांनी नियम केले. सी प्लस प्लस भाषेने १९८९ मध्ये ही मुभा दिली, तर पायथनने २००३ पासून सर्व पूर्वजांना एका निश्चित ओळीत उभे करण्याची रीत स्वीकारली. त्या तपशिलाचा विस्तार येथे आवश्यक नाही; कारण एकाच पूर्वजाचे वचन जेथे अस्फुट आहे, तेथे दोघांचा क्रम लावून फारसे काही साधत नाही.

५

या साऱ्यावरून वारसा हा त्याज्यच होय, असा निष्कर्ष काढण्याकडे अलीकडे कल आहे. वारशापेक्षा एका ऑब्जेक्टने दुसरे आपल्या पोटी धरून त्याकडे काम सोपवावे, हा उपदेश एरिक गामा आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात केला. त्यांनी तो तारतम्याने केला होता. पुढे तो घोषवाक्य झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गो या भाषेत आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती लाभलेल्या रस्ट या भाषेत वर्गांचा वारसा नाहीच. परंतु या भाषांनी केले काय, हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी उचल, वर्गीकरण आणि वचन नाहीसे केले नाही. एका दोरीत वळलेले धागे त्यांनी सुटे केले. गोमध्ये एक रचना दुसरीच्या पोटात ठेवून तिच्या मेथड आयत्या मिळविता येतात, मात्र पोटातील रचनेने मारलेली हाक बाहेर परत फिरत नाही. म्हणून मोजणी ६ येण्याचा वरील प्रसंग तेथे उद्भवत नाही. वर्तणुकीचे वचन ‘इंटरफेस’ या स्वतंत्र रूपात मांडले जाते. तरीही इंटरफेस मेथडचे नाव आणि प्रकार एवढेच सांगतो. आशयाचे वचन तेथेही माणसानेच पाळावयाचे असते. भाषा बदलल्याने ऋण फिटत नाही.

शिवाय परत फिरणारी हाक जेथे खरोखरच हवी असते, अशीही क्षेत्रे आहेत. एखादी चौकट कामाचा क्रम स्वतःकडे ठेवते आणि काही पायऱ्या वारसांनी भराव्यात म्हणून मोकळ्या सोडते, तेव्हा वारसा हे योग्य साधन होय. सिम्युलातील ‘इनर’चा आशय तोच होता. फरक इतकाच की, तेथे पूर्वज जाणूनबुजून जागा सोडतो. त्यामुळे कोणती हाक परत येणार, हे उभयतांस ठाऊक असते. दोष हाकेत नसून अज्ञानात आहे.

तेव्हा ‘वारसा’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. ती पुरतेपणी समजून घेण्याचे आहे. भारतीय परंपरेत वारसा म्हणजे केवळ मिळकत नव्हे. दायाबरोबर ऋण येते. पित्याचे ऋण फेडणे हा पुत्राचा धर्म मानला गेला, आणि त्या धर्माधारे पुत्राकडून नवे कर्ज वसूल करण्याची वाट कायद्याने बंद केली ती २००५ च्या दुरुस्तीने. त्याच शास्त्राने हाही विवेक केला होता की, द्यूत आणि मद्यपान यांसाठी काढलेले पित्याचे ऋण पुत्रावर बंधनकारक नाही. प्रोग्रॅमच्या क्षेत्रातही हाच विवेक हवा. पूर्वजाने जाहीरपणे दिलेली वचने हे वारसाचे ऋण होय. पूर्वजाच्या अंतर्गत आणि आकस्मिक सवयी हे नव्हे, आणि त्या सवयींवर वारसानेही विसंबू नये.

अध्यापनात याचा अर्थ असा होतो की, वंशावळीचे चित्र फळ्यावर काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. येथे केवळ मजकूर उचलावयाचा आहे काय? तसे असल्यास दुसरी साधने अधिक निर्धोक आहेत. पूर्वजाने कोणास कोणते वचन दिले आहे? ते लिहिलेले नसेल, तर वारसा घेण्याजोगे तेथे काही नाही. आणि ते वचन नवा वर्ग सदैव पाळू शकेल काय? कुत्रा हा प्राणी आहे, हे सांगावयास शिक्षकाची आवश्यकता नाही. प्राण्याच्या भरवशावर जो बसला आहे त्याला कुत्र्याने दगा देऊ नये, हे शिकवावे लागते.